वेस्ट विंडसरची मोळी

दुकानाच्या दाराशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली लाकडं विकायला ठेवलेली पाहून आई जी थांबली ती हलेचना. तिला न्यू जर्सीत येऊन आठवडाही झाला नव्हता. आम्ही दूध आणि भाजी घ्यायला गेलो होतो. तिने एक गठ्ठा उचलला, प्लास्टिकच्या भोकातून बोट घालून साल खरवडली, वास घेतला आणि विचारलं, "हे जळतन हाय?"

"हो. फायरप्लेससाठी."

"अन् लोक हे विकत घेते?"

"आम्हीपण घेतो, आई."

मी श्वास विकत घेते असं सांगितल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. पाणीही आम्ही विकतच आणत होतो, पण ते त्या दिवशी सांगायची माझी हिंमत झाली नाही.

"घरामागं लाकूड सडून रायलं अन् तुम्ही पिशवीतलं आनता? एवढं शिकून काय केलं वं तू?"

ही २००३ सालच्या पानगळीची गोष्ट. वेस्ट विंडसरमध्ये आम्ही नुकतंच एक टाउनहाऊस घेतलं होतं. नवरा नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. मी नागपुरात कॉलेजात इतिहास शिकवायचे, पण इथे माझा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला, नोकरीची परवानगी नाही. त्यामुळे मुलगी शाळेत गेली की मी लायब्ररीत फुकट पुस्तकं लावायचे आणि लावता लावता अर्धी वाचायचे. आई सहा महिन्यांसाठी आली होती. चंद्रपूरकडे जंगलाला लागून असलेल्या खेड्यातली बाई. आयुष्यभर सरपण गोळा केलेली.

घरामागे ओक आणि मेपलची दाट झाडी होती, तिच्यापलीकडे ओढा. घरमालकांच्या असोसिएशनच्या कागदांत तिचं नाव कॉमन एरिया. म्हणजे सगळ्यांची. आणि सगळ्यांची म्हणजे तिथे कोणीच पाऊल टाकायचं नाही, असा त्याचा अर्थ होता. तिथे वादळात पडलेल्या फांद्या वर्षानुवर्षं कुजत पडल्या होत्या.

आईने दुसऱ्याच दिवशी गराजमधली भिंत रंगवायची लांब दांडी काढली आणि कपाटातला जाड तारेचा हँगर पिळून तिच्या टोकाला घट्ट बांधला. झाली आकडी तयार. आमच्याकडे शेळ्यांसाठी पाला ओढायला, वाळलेल्या फांद्या खाली पाडायला बायका वापरतात तशी, फक्त बांबूऐवजी ॲल्युमिनियमची. मग रोज सकाळी ती झाडीत जायची. तिचे नियम कडक होते. ओली फांदी तोडायची नाही. कुऱ्हाड लावायची नाही. जे खाली पडलंय ते उचलायचं आणि जे झाडावरच वाळलंय ते आकडीने ओढून आलं तर आपलं. नाही आलं तर झाडाचं.

"त्याले अजून पायजे असन," असं म्हणून ती पुढच्या झाडाकडे वळायची. मी खिडकीतून बघत राहायचे. स्वेटर, त्यावर नववारी, पायात जावयाचे जुने स्पोर्ट्स शूज, डोक्यावर टॉवेलची चुंबळ आणि चुंबळीवर मोळी. मला हसूही यायचं आणि कोणी बघत तर नाही ना म्हणून मी शेजारच्या खिडक्याही न्याहाळायचे.

न्याहाळायचे त्याला कारण होतं. मी पाच-सहा वर्षांची असताना आमच्या गावच्या बायकांना जंगलात नाकेदाराने धरलं होतं. नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा शिपाई, पण आमच्यासाठी तोच सरकार. त्याने आकड्या मोडल्या. मोळ्या जप्त केल्या. आणि जप्त केलेल्या मोळ्या बायकांच्याच डोक्यावर देऊन आपल्या क्वार्टरपर्यंत वाहून आणवल्या, तिथे नीट रचूनही घेतल्या. मी आईच्या पदराला धरून सोबत चालत होते. त्याच्या बायकोने आमच्यासमोर त्यातलीच लाकडं बंबात घातली. आई घरी आल्यावर रडली नाही. ती म्हणाली, "मोळी गेली त्याचं काही नाही. पन माही मोळी माह्याच डोक्यावरून चोरली मेल्यानं." आणि मला बजावलं, "तुह्या डोक्यावर कवा मोळी दिसली तर टंगडी तोडीन." त्यानंतर मी सरपणाला हात लावलेला तिला चालला नाही. माझ्या वाटचं सरपणही तीच आणायची आणि मी अभ्यास करायचे.

ऑक्टोबरात लायब्ररीत एका व्याख्यानाची पाटी लागली. विषय होता इंग्लंडमधल्या एका प्राचीन जंगलाचा इतिहास. बोलणार होत्या आमच्याच असोसिएशनच्या अध्यक्षबाई. सत्तरीच्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या, त्या जंगलाच्या काठच्या गावात जन्मलेल्या आणि लग्न होऊन अमेरिकेत आलेल्या. खुर्च्या मीच मांडल्या आणि आईलाही शेवटच्या रांगेत बसवलं. घरी एकटी बसून तरी काय करणार होती?

बाई बोलल्या मात्र सुरेख. स्लाइडवर स्लाइड येत होती. बुंध्यात माणूस मावेल असे पोकळ ओक. समुद्रापलीकडून आलेल्या राजाने ते सगळं रान आपल्या शिकारीसाठी कसं राखलं, हरणाला हात लावणाऱ्याचे डोळे कसे काढले जात, जंगलाजवळच्या लोकांच्या कुत्र्यांनी हरणामागे धावू नये म्हणून त्यांच्या पुढच्या पायाची नखं कशी छाटत. मी आईच्या कानात भराभर मराठी करत होते. कुत्र्यांचं ऐकून तिने तोंडाला पदर लावला.

मग बाई गरिबांकडे वळल्या. राजाचं रान असलं तरी भोवतालच्या लोकांचे त्यात जुने हक्क होते. पानगळीत ओकची बोंडं खायला डुकरं सोडायची. गाई चारायच्या. आणि सरपण. कुऱ्हाड चालवायची नाही, पण वाळलेलं लाकूड आकडीने ओढून येईल तेवढं आपलं. पडद्यावर एक जुनं रेखाचित्र आलं. पाठीवर काटक्यांचा भारा घेतलेली, वाकलेली एक बाई आणि तिच्या हातात लांब दांड्याची आकडी.

आई पुढे झुकली. "इची आकडी माह्या आकडीहून आखूड हाय," ती म्हणाली. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं.

शेवटी बाईंनी एका गावाची कथा सांगितली. त्या गावाला फांद्या छाटायचा हक्क होता, पण अट अशी की दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी ठरलेल्या रात्री कोणीतरी पहिली फांदी छाटलीच पाहिजे. एक वर्ष चुकलं की हक्क कायमचा गेला. एकदा म्हणे जमीनदाराने मुद्दाम त्याच रात्री गावाला मेजवानी दिली, पोटभर दारू पाजली, म्हणजे सगळे झोपून राहतील. पण एक म्हातारा हळूच उठला, जंगलात गेला आणि फांदी घेऊन परत मेजवानीत येऊन बसला. पुढे त्या गावच्या माणसांनी त्या हक्कापायी तुरुंगही भोगला. "आज ते जंगल सगळ्यांसाठी मोकळं आहे," बाई म्हणाल्या, "ते अशा हट्टी माणसांमुळे." टाळ्या वाजल्या. मीही मनापासून वाजवल्या.

गाडीत बसल्यावर आई म्हणाली, "म्हंजे नाकेदार तिथूनच आला म्हना की आपल्याकडं."

इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण हे एवढं सरळ मी कधी वर्गात म्हटलं नव्हतं. तोच राजा, तेच राखीव रान, तोच शिपाई. आपल्याकडे येताना इंग्रजांनी कायदा तेवढा बोटीत घातला आणि म्हाताऱ्याची फांदी तिकडेच ठेवली. मला इतका राग आला की मी घराचं वळण चुकले.

त्याच आठवड्यात शेजारणीला बाळ झालं. शेजारीण गोरी, तिशीची, तिची आमची ओळख हात हलवण्यापुरती. ती हॉस्पिटलमधून घरी आली ते आईने खिडकीतून पाहिलं. आमच्याकडे रीत अशी की कोणाच्या घरी बाळंतीण असली की गल्लीतल्या बायका न सांगता एकेक मोळी तिच्या दारात ठेवून येतात. बाळाच्या आणि बाळंतिणीच्या अंघोळीला पाणी खूप तापवावं लागतं, त्या घरात सरपणाची चिंता नको. बोलायचं नाही, दार वाजवायचं नाही, कारण बाळंतीण झोपलेली असते. मोळीला लाल चिंधी बांधायची, म्हणजे ही कशासाठी ते कळतं. आईने सगळ्यात वाळक्या, सारख्या मापाच्या काटक्या निवडल्या, जुन्या लुगड्याची लाल पट्टी फाडून मोळी बांधली आणि शेजारच्या दारात उभी करून आली. मला पत्ताच नाही.

अकरा सप्टेंबरनंतरची ती वर्षं कशी होती ते इथे राहिलेल्यांना सांगायला नको. दाढी वाढलेल्या आमच्या एका मित्राबद्दल पेट्रोल पंपावरून पोलिसांना फोन गेला होता. शेजारणीने सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यात लाल फडकं बांधलेला काटक्यांचा गठ्ठा. ती घाबरली. तिला ती करणी वाटली की आग लावायची धमकी, कोण जाणे. तिने असोसिएशनला फोन केला, तिथून कोणीतरी आमच्या पॅटिओवरची लाकडांची रास पाहिली आणि आमच्या दाराला नोटीस लागली.

नोटिशीत दोन गोष्टी होत्या. कॉमन एरियातून लाकूड गोळा करणं तात्काळ बंद. आणि सोबतच्या कागदावर आईची सही, की आपण असोसिएशनची मालमत्ता परवानगीशिवाय नेली आणि त्याबद्दल दिलगीर आहोत. मंगळवारच्या मीटिंगला हजर राहावं.

नवऱ्याचा चेहरा पडला. "सही करून टाकू यार. ग्रीन कार्डचं प्रोसेस चालू आहे. उगाच इश्यू कशाला? एक कागद आहे फक्त."

मुलगी म्हणाली, "आजी, यू कान्ट जस्ट टेक स्टफ."

आईने मला कागद वाचून दाखवायला लावला. मी जमेल तेवढं मऊ करून सांगितलं. ती काही फसली नाही. "परवानगीबिगर मालमत्ता नेली म्हंजे काय? चोरी केली, असंच ना?"

मी मान हलवली.

"जवाईबापू," ती नवऱ्याला म्हणाली, "म्या प्रौढ शिक्षनात सही शिकली. पोरगी कॉलेजात होती तवा. अंगठा सोडला म्या, तो काय चोर म्हनून सही कराले?"

नवऱ्याने कागद उलटा करून टेबलावर ठेवला. आमच्या घरात मुलांना पहिली गोष्ट सांगतात ती राजाराणीची नाही, तळ्याच्या पाण्याची. पाणी सगळ्यांचं असून ज्यांना पिऊ दिलं नव्हतं ते सगळे मिळून तळ्यावर गेले आणि ओंजळीने प्यायले, ही गोष्ट. त्यानेही ती ऐकलेली होती. पण व्हिसावर असलेल्या माणसाला ऐकलेलं आठवायला वेळ लागतो.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही क्लबहाउसमध्ये गेलो. आईने आकडी सोबत घेतली. "तिले काहून घरी ठेवू? तिच्याबद्दलच बोलनं हाय ना," ती म्हणाली. लांब टेबलामागे समिती बसली होती, मध्ये अध्यक्षबाई. कॉफी होती, कुकीज होत्या. बाजूला शेजारीण, पायाशी बास्केटमध्ये बाळ. आई आत आली तशी ती खुर्चीसकट थोडी मागे सरकली. ते मी पाहिलं आणि आईनेही पाहिलं.

अध्यक्षबाईंनी नोटीस वाचली. मग शांत आवाजात विचारलं, काही सांगायचंय का? आई उठली. मी तिच्या शेजारी उभी राहून इंग्रजी करू लागले.

"या बाईले विचार, बाळ झोपते का रात्री."

हे अपेक्षित नव्हतं. मी विचारलं. शेजारीण गोंधळली, म्हणाली, फारसं नाही.

"अंघोळ गरम पान्यानं घालत नसन. म्हनून मोळी ठेवली होती. तुले अन् लेकराले पानी तापवाले." मग मी रीत समजावून सांगितली. मोळी, न वाजवलेलं दार, लाल चिंधी. शेजारीण आईकडे बघत राहिली. तिचे कान लाल झाले. "अंघोळीसाठी?" तिने एवढंच विचारलं आणि खाली बास्केटकडे पाहिलं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, हेतू चांगला असेल, त्याबद्दल शंका नाही. पण नियम म्हणजे नियम. कॉमन एरियातली काडीही असोसिएशनची आहे, आणि परवानगीशिवाय...

माझा तोल सुटला. नोकरी नाही, पगार नाही, माझ्या नावाचं एक कार्डही नाही, अशा दोन वर्षांत साठलेलं सगळं बाहेर पडलं. "मागच्याच आठवड्यात लायब्ररीत तुम्ही आम्हाला एका बाईचं चित्र दाखवलंत," मी म्हटलं. "हातात आकडी असलेली. तिचा हक्क होता म्हणालात. हट्टी माणसांमुळे जंगल वाचलं म्हणालात. मी टाळ्या वाजवल्या. ही घ्या आकडी. हीच ती बाई."

आईने काही न सांगता आकडी टेबलावर आडवी ठेवली. कॉफीचे कप सरकवावे लागले.

"ती वेगळी गोष्ट," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज किंचित अडखळला. "त्यांना तो हक्क शतकानुशतकं होता. आणि तो इतिहास आहे."

"मीही इतिहासच शिकवायचे," मी म्हटलं. "माझ्या आईला त्यात घालू नका. ती इथे उभी आहे."

मग आईची सही घ्यायची का, यावर मत घेतलं गेलं. एकेक हात वर झाला. अध्यक्षबाईंचा शेवटी, हळू, पण झाला. झालं तेच सांगते, कारण अशा गोष्टींत शेवटी बाईंना पाझर फुटतो असं वाचायची आपल्याला सवय असते. फुटला नाही. सहीचा कागद आणि पेन आईपुढे सरकवलं गेलं.

आईने पेन उचललं. टोपण लावलं. आणि परत सरकवलं.

"सांग त्याहिले. पडलं ते उचललं, उभं ते तोडलं नाही. लाकडं पायजे तर परत देतो, आत्ता आनून टाकतो. सही नाही."

मी शब्द न् शब्द सांगितला. आणि मग माझ्यामागे खुर्ची वाजली. नवरा उभा राहिला होता. ओठ पांढरे पडले होते, पण उभा होता. "शी वोन्ट साइन," तो म्हणाला. "दंड लावायचा तर माझ्या नावावर लावा. चला आई."

आम्ही दाराशी पोचलो तेव्हा शेजारणीचा आवाज आला. ती कोणाला उद्देशून बोलली कोण जाणे. "माझ्याकडचं मी परत देणार नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई शूज घालायला बसली तेव्हा मीही जॅकेट चढवलं. झाडीत थंडी होती, पानं ओली होती. तिने मला आकडी कशी फिरवायची ते दाखवलं. फांदीला अडकवून हिसका द्यायचा नाही, आधी जरा भार टाकून बघायचा, झाड सोडतंय का. मला जमेना. तिने मला यथेच्छ हसून घेतलं. इतिहासाच्या प्राध्यापिकेला काटकी पाडता येईना.

अध्यक्षबाई कुत्रा घेऊन ओढ्याकडून आल्या. त्यांनी आकडीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. मी रस्ता सोडला नाही. त्या "गुड मॉर्निंग" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मीही गुड मॉर्निंग म्हटलं. थँक्यू म्हटलं नाही, कारण त्यांनी काही दिलेलं नव्हतं. दंडाची नोटीस पुढे कधी आली नाही. का आली नाही ते मला माहीत नाही, आणि विचारायलाही मी गेले नाही.

मोळी बांधून झाल्यावर मी टॉवेलची चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली. वाटलं, आज तरी. मोळीला हात घालते तोच आईने चुंबळ फटकन खाली पाडली. तिचे डोळे लालबुंद झाले होते.

"हक घे," ती म्हणाली. "ओझं नको घेऊ." आणि तिने मोळी स्वतःच्या डोक्यावर चढवली. मी मागून नुसती आकडी धरून चालत आले.

मार्चमध्ये ती परत गेली. त्यानंतर दरवर्षी पानगळीत एक सकाळ मी ठरवून झाडीत गेले. ग्रीन कार्ड आलं, मला शाळेत नोकरी लागली, तरी गेले. फायरप्लेस बिघडली त्या वर्षीही गेले. एक वर्ष चुकलं तर हक्क जातो, हे मी त्यांच्याच इतिहासातून शिकले होते. एखादं वर्ष मुलगी सोबत यायची, कुरकुरत.

आई फोनवर न विसरता विचारायची. २००८ मध्ये तिचं ऐकणं कमी झालं होतं, मोठ्याने बोलावं लागायचं.

"जयभीम, आई."

"जयभीम. गेली होती का जंगलात?"

"गेले होते. आकडीने पाडल्या या वेळी. दोन मोठ्या फांद्या."

"घरी आनल्या?"

"आणल्या."

"डोक्यावर नाही ना?"

"नाही आई. काखेत."

"हां," ती म्हणाली. "मंग ठीक हाय."